साहेबाची गाडी, गुरुजींची मिरवणूक: नाशिक ते पेठ

ताजी बातमी अशी की, गाडी रविवारी संध्याकाळी स्वतःच्या चाकांवर घरी परतली. या वृत्ताला समोरच्या रो-हाउसमधल्या जोशीकाकूंनी दुजोरा दिला आहे. त्या गच्चीवर वाळलेले कपडे काढायला आल्या होत्या. "दोरी नाही, टेम्पो नाही, धक्का मारणारं कोणी नाही. मी स्वतः बघितलं," असं त्यांनी कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. आमची गाडी यापूर्वी एकदा टेम्पोतून आणि एकदा ट्रॅक्टरच्या मागे घरी आलेली असल्यामुळे काकूंच्या शब्दाला वजन आहे.

ज्यांनी हा ब्लॉग आधी वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. गाडी साठ वर्षांपूर्वीची, विलायतेत बनलेली, दोन सीटांची आणि वरून उघडी. कंपनीचं नाव सांगितलं की लोक किंमत विचारतात, म्हणून ते लिहीत नाही. सात वर्षांपूर्वी देवळालीतल्या एका बंगल्यामागे ती आंब्याखाली उभी होती आणि ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी अंडी घालत होती. पेपरातली नोकरी संपल्यावर मी ती घरी आणली आणि इंदिरानगरच्या आमच्या पोर्चमध्ये तिचं काम सुरू केलं. गंजून गेलेला तळाचा पत्रा अंबडच्या एका वर्कशॉपमधून वाकवून आणला. हिचे नटबोल्ट इंचाच्या मापाचे, आपले नेहमीचे पाने त्यांना लागत नाहीत. जुन्या बाजारात दर शनिवारी शोधून इंची पान्यांचा संच जमवला. सीटची आणि छताची शिवण माझ्या बायकोची, मंगलची. इंजिनातून तेल टपकतं. ते टिपायला खाली रद्दीचे पेपर अंथरतो. ज्या पेपरासाठी उभं आयुष्य डेडलाइन गाठल्या, त्याचा हा उपयोग मंगलला फार आवडतो.

आता पेठचं. मंगलचे मोठे भाऊ, यशवंतदादा, पेठजवळच्या शाळेवर गुरुजी. गाडी आणली त्या दिवाळीत ते बहिणीकडे आले होते. पोर्चमधल्या सांगाड्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "दाजी, ही चालली ना, तर माझ्या रिटायरमेंटची मिरवणूक हिच्यातूनच काढा." पुढे प्रत्येक भाऊबीजेला एकच प्रश्न: "काय, माझा रथ कुठवर आला?"

आमच्याकडे गुरुजी निवृत्त झाले की गाव त्यांना उघड्या जीपमध्ये बसवून वाजतगाजत घरी पोचवतं. दादांसाठीही सरपंचांनी जीप ठरवली होती. पण दिवाळीनंतर गाडी खरोखर चालू झाली, मी तिच्यातून त्र्यंबक रस्त्यावर फिरून आलो, आणि मंगलने भावाला फोन केला. काय बोलली ते मला नंतर कळलं. शुक्रवारी संध्याकाळी वहिनींचा फोन आला.

"ताई, ह्यांनी जीप परत पाठवली. म्हणे माझ्या बहिणीची गाडी येतेय."

"येतेच आहे, वहिनी."

"येऊ द्या बाई. नाहीतर सरपंच बैलगाडी जुंपतील. सोमवारपासून हे घरात बसणार, त्याचंच मला टेन्शन आहे. त्यात मिरवणूक हुकली, तर माझं काही खरं नाही."

मंगलने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "अहो, जाईल ना?"

मी म्हणालो, जाईल. चढावर ती अजून एकदाही गेलेली नव्हती, हे मी बोललो नाही आणि तिनेही विचारलं नाही.

शनिवारी उजाडता निघालो. थंडी अजून होती. मंगलने कानाला मफलर बांधला होता, मी माकडटोपी. उघड्या गाडीतून जाणार असाल तर माझा सल्ला हाच: रुबाब नंतर, आधी कान. पेट्रोल नाशिकमध्येच भरून घ्या. हल्लीचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबरी नळ्या खातं, त्यामुळे सगळ्या नळ्या आम्ही आधीच बदलल्या होत्या. पाण्याचे दोन कॅन, पाने, वायर, चिकटपट्टी आणि दादांसाठी पैठणी काठाची शाल, एवढंच सामान मावलं. सीटमागे जागा म्हणाल तर पिशवीभर.

पेठ नाक्याच्या पुढे मिसळ खाल्ली. दोघांचं बिल चहासकट अडीचशेच्या आत. आम्ही पापड मोडत असताना मालक बाहेर आला, गाडीच्या नाकाला हात लावून म्हणाला, "काका, शूटिंग कुठं हाय?"

"पेठला," मंगलने सांगितलं. "हिरो तिकडेच आहे."

रामशेजचा किल्ला उजव्या हाताला उन्हात आला, तेव्हा गाडी अशी काही धावत होती की मी शीळ घालायला लागलो. गाडी इतकी बुटकी की रस्ता कमरेला लागून जातो. द्राक्षबागांमध्ये कागदात गुंडाळलेले घड दिसत होते, फवारणीचा वास येत होता, आणि ट्रॅक्टरवाले हात वर करून जात होते. उघड्या गाडीला लोक हाक मारतात, हे मला बंद गाडीत तीस-पस्तीस वर्षं कळलं नव्हतं. चाचडगावच्या टोलवर बूथमधल्या मुलीला आम्ही दिसलोच नाही. उठून उभी राहिली तेव्हा हसायला लागली. सावळघाट अलगद पार झाला. करंजाळीला चहा घेतला. दादांचा फोन आला. मंगलने "पोचतोच" म्हणून सांगितलं.

कोटंबी घाटात पुढे गुजरातकडे जाणारा एक कंटेनर होता आणि त्याच्या पुढे दुसरा बंद पडलेला. सगळी रांग पावलापावलाने चढत होती. तापमानाचा काटा मधून उजवीकडे सरकायला लागला. यासाठीच मी तयारी केली होती. गाडीचा मूळ पंखा पट्ट्यावर फिरायचा, त्याचं पातं तडकलं म्हणून काढून मी एका भंगारातल्या छोट्या गाडीचा विजेवरचा पंखा रेडिएटरमागे बसवला होता आणि त्याचं बटण डॅशबोर्डवर घेतलं होतं. पोर्चमध्ये चालू करून जाळीपुढे हात धरला तर असा गार वारा लागला होता की मी मंगललाही बोलावून दाखवला होता. घाटात आत्मविश्वासाने बटण दाबलं.

काटा आणखी जोरात उजवीकडे गेला.

वळणावर भज्यांची टपरी होती तिथे कशीबशी बाजूला घेतली, तोवर बॉनेटच्या फटीतून वाफ. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं, म्हणून नुसते उभे राहिलो. टपरीवाल्याने कढईतून मान वर केली. "तापली का?"

"तापली."

"आमच्या इथं समद्याच तापतात. भजी देऊ?"

भजी घेतली. दादांचा फोन पुन्हा वाजला. या वेळी मंगलने उचलला नाही. मोबाइल पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन लावली. तो आवाज मला बराच वेळ ऐकू येत राहिला. तिच्या शब्दावर तिच्या भावाने जीप परत पाठवली होती, आणि तिने शब्द दिला होता तो माझ्या भरवशावर.

इंजिन बंद ठेवून मी नुसता पंखा लावला, म्हणजे रेडिएटर लवकर निवेल. मंगल गाडीच्या नाकासमोर दगडावर बसली होती. ऊन चढलं होतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुमचा पंखा मात्र झकास आहे हो. कूलरपुढे बसल्यासारखं वाटतंय."

मी भजं तोंडात टाकलं होतं. ते तसंच राहिलं.

"तुला वारा लागतोय?"

"मग? पदर बघा ना."

तिचा पदर गाडीपासून लांब, रस्त्याकडे उडत होता.

"मंगल, तुला वारा लागायला नको."

"का? मी काय केलं?"

"अगं, पंख्याने पुढचा वारा आत ओढायला पाहिजे. तो बाहेर फेकतोय."

तिने भज्यांचा कागद जाळीवर धरला आणि सोडला. कागद उडून टपरीवाल्याच्या पायाशी गेला. त्याने तो उचलला, माझ्याकडे बघितलं. "उलटा हाय की."

आणि मग सगळं डोक्यात लख्ख झालं. आपल्या सगळ्या गाड्यांत बॅटरीचा मायनस बॉडीला जोडलेला असतो. या जुन्या विलायती गाडीत प्लस बॉडीला असतो. हे मला माहीत होतं. यावर मी याच ब्लॉगवर लांबलचक लेख लिहिला आहे, चित्रासकट. आणि पंखा बसवताना हात सवयीने चालले: लाल वायर बटणाला, काळी बॉडीला. पंखा पहिल्या दिवसापासून उलटा फिरत होता. पोर्चमधला तो गार वारा म्हणजे चुकीचा पुरावा होता, आणि मी तो बोलावून बोलावून दाखवला होता. सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर पंख्याची गरजच पडली नाही म्हणून कळलं नाही.

मी हे सगळं मंगलला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. "म्हणजे इतके दिवस तुम्ही गाडीला नाही, कॉलनीला वारा घालत होतात."

बिघाड सापडायला एक घाट आणि एक प्लेट भजी. दुरुस्तीला दोन वायरींची अदलाबदल. स्क्रूड्रायव्हर खिशात होताच. बटण दाबलं. टपरीवाला स्वतः नवा कागद घेऊन आला आणि जाळीवर धरून त्याने हात काढला. कागद चिकटून बसला. आम्ही तिघं त्या तेलकट कागदाकडे असे बघत राहिलो की मागून आलेला मोटारसायकलवालाही थांबून बघायला लागला.

पाणी भरलं, निघालो. उरलेला चढ रांगेतच चढलो, काटा मध्यावर. मंगलने पर्स उघडून फोन लावला. "दादा, फेटा बांधून घे."

शाळेच्या फाटकाशी माणसं उभी होती. सगळ्यांत पुढे दादा, फेटा बांधून, हात मागे. त्यांनी गाडीभोवती सात वर्षांपूर्वीसारखीच चक्कर मारली. म्हणाले, "उशीर झाला. हजेरी होऊन गेली."

"गुरुजी, घाटात..." मी सुरुवात केली.

"कारण लिहून आणा," दादा म्हणाले, आणि मग त्यांना हसू आवरलं नाही.

दोन सीटांचा प्रश्न होता. मी चालवणार. दादा हट्टाला पेटले की वहिनी बसल्याशिवाय मी बसणार नाही. शेवटी वहिनी माझ्या शेजारी, आणि दादा मागे, गुंडाळलेल्या छतावर, पाय आत सोडून. मंगल पायी. संबळ आणि पिपाणी सुरू झाली. कोणत्याही जुन्या गाडीची खरी परीक्षा हीच: भर उन्हात, पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने. घाट परवडला. पंख्याचं बटण दाबलं आणि देवाचं नाव घेतलं.

दादांचे जुने विद्यार्थी दोन्ही बाजूंनी झेंडूच्या पाकळ्या उधळत होते. त्यातले काही स्वतः आजोबा झालेले. पंखा आता इतका इमानदारीने आत ओढत होता की समोर पडलेली प्रत्येक पाकळी जाळीवर जाऊन बसायची. बघता बघता गाडीचं नाक केशरी झालं. लोकांना वाटलं सजावट. मला काटा दिसत होता: जाळी बंद, वारा बंद, काटा पुन्हा उजवीकडे.

"मंगल! फुलं काढ."

मग ती पुढे चालत, दर दहा पावलांवर वळून, जाळीवरच्या पाकळ्या ओंजळीने काढून मागे दादांवर उधळायला लागली. गावाला वाटलं बहीण भावाचा मान करतेय. ते खोटंही नव्हतं. काटा मध्यावर आला आणि राहिला.

दादांच्या दाराशी वहिनींची जाऊ ओवाळायला ताट घेऊन उभी होती. मी ब्रेकवर पाय ठेवला. मागून दादा वाकले आणि संबळाच्या आवाजात माझ्या कानाशी म्हणाले, "थांबू नका, दाजी. एसटी स्टँडपर्यंत चला."

"दादा, घर आलं."

"घर कुठं पळून जातंय. सोमवारपासून तिथंच बसायचंय."

वहिनींनी ऐकलं. त्या समोर बघतच मला म्हणाल्या, "चला." आम्ही स्टँडपर्यंत गेलो आणि परत आलो. वाजवणाऱ्यांनी तक्रार केली नाही.

रात्री नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि मिरचीचा ठेचा. पेठला मुक्काम करायचा असेल तर आधी फोन करून जा, लॉज मोजकेच आहेत. आमच्यासारखा मेहुणा असेल तर उत्तम. सकाळी उठलो तर दादा अंगणात बॉनेट उघडून, चष्मा कपाळावर नेऊन आत वाकले होते.

"दाजी, ह्या दोन डब्या कसल्या?"

"कार्ब्युरेटर. त्यात चमचाभर तेल घालावं लागतं."

"दोन का?"

मी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं, तेव्हा कळलं की मला नीट समजलेलं नाही. नाश्ता थंड झाला. निघताना त्यांनी शाल खांद्यावर घेतली होती आणि हाताला ग्रीस लागलं होतं. मंगल म्हणाली, "दादा, शालीला पुसू नकोस." त्यांनी हात धोतराला पुसले.

परतीचे दोन्ही घाट न थांबता चढलो. टपरीवाल्याला हात केला, त्याने झारा वर केला. दोन दिवसांचा खर्च पेट्रोल, टोल आणि खाणं धरून अडीच हजारांच्या आसपास. एरवी मी हिशेब इथे थांबवतो. पण घरी आल्यावर रद्दी अंथरून गाडी उभी केली, टॉर्च घेऊन जाळी बघितली, तर आत रेडिएटरच्या पट्ट्यांत झेंडूच्या पाकळ्या सुकून अडकलेल्या. चिमट्याने काढायला बसलो. मंगल म्हणाली, "राहू द्या दोन-चार." दोन-चारांनी काही तापत नाही. राहू दिल्या.

सोमवारी, शाळा भरायच्या वेळेला, दादांचा फोन आला. इंची पाने पेठमध्ये मिळतात का, असं त्यांना विचारायचं होतं. मिळत नाहीत, असं मी सांगितलं. त्यांना ते माहीत असावं.

तेल कुठून टपकतं ते बघायला येत्या शनिवारी इंजिन उतरवायचं ठरलं आहे. यशवंतदादा सकाळच्या पहिल्या एसटीने नाशिकला येणं अपेक्षित आहे. त्यांनी पेठच्या शिंप्याकडे निळं, खिशाखिशांचं ओव्हरऑल शिवायला टाकलं असून, ते शुक्रवारी मिळेल, अशी माहिती वहिनींनी दिली.