आधीच आणलेला गुलाल

आमच्या पेठेतल्या तालमीचा फुटबॉल संघ यंदा वरिष्ठ गटात टिकला, शिवाय तिजोरीत चार पैसेही उरले. आज सामन्याआधी नव्या खजिनदाराने गोलकीपरला ग्लोव्हज दिले, ते पाहून मला राहवेना. गॅलरीत उभा राहून मी ओरडलो, "त्या जुन्या फायनलला आपल्या गोलकीपर बंडूने मॅच विकली नव्हती! खजिनदार मी होतो. त्याच्या ग्लोव्हजच्या पैशांतून मी आदल्या दिवशीच विजयाचा गुलाल आणला. बॉल त्याच्या उघड्या हातांतून निसटला."

जिंकण्याआधी गुलाल आणणाऱ्या पेठेला हरल्यावर कुणीतरी चोर लागतोच. इतकी वर्षं मी बंडूला तो चोर होऊ दिला.

पुढच्या पायरीवरच्या म्हाताऱ्या बंडूने मान वळवली. "कळलं, मर्दा. आता बस की खाली, मागच्यांना दिसंना झालंय."

आणि सरकून त्याने शेजारी जागा केली.