चाळीस हजर, चाळीस आजारी

चहा घ्या आधी. आणि हसायचं नाही असं कबूल करा, तरच सांगतो. गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केला, पण त्यावर सरकारी शिक्का बसला असा एकच!

इंग्रजांच्या राज्यात दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. मी सातपुड्यात, अक्राणीत, धडगावच्याही पलीकडे एका पाड्यावर लोकल बोर्डाच्या शाळेचा मास्तर होतो. शाळा म्हणजे कुडाची एक खोली. खोलीत मी, फळा आणि सरकारनं दिलेली औषधांची पेटी. हो, पेटी! डॉक्टर ठेवायला पैसा नाही म्हणून सरकारनं आम्हा मास्तरांनाच आठ दिवस मलमपट्टी शिकवली आणि पेटी हातात दिली. त्या आठातले चार दिवस मी स्वतःच तापानं पडून होतो. हिवतापाला कोयनेल, पोटाला एरंडेल, जखमेला टिंक्चर. संपलं आरोग्यखातं!

त्या पावसाळ्यात दित्या पाटलाची सून बाळंतपणात अडली. दित्या म्हणजे आमच्या पाड्याचा पोलीस पाटील, उंचापुरा पावरा आदिवासी. चौघांनी सुनेला बांबूच्या झोळीत घातलं आणि भर पावसात घाट उतरून शहाद्याच्या दवाखान्याच्या वाटेला लागले. दोन दिवस गेले पोहोचायला. सून वाचली, पण बाळ वाटेतच गेलं.

परत आल्यावर दित्या शाळेच्या ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, "मास्तर, तू सरकारले कागद लिखस ना?"

"लिहितो."

"मंग लिख. पुढला पानी पडाना पहिले एक डाक्तर धाड म्हना."

लिहिलं! असं तावातावानं लिहिलं की टाकाचं निब मोडलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं: "सदर ठिकाणी रुग्णसंख्या दिसून येत नाही. सबब दवाखान्याची तरतूद करता येत नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली हो! सातपुड्यातला साग तोडून न्यायचा असला की यांना एकेक पायवाट सापडते. मोहाच्या दारूवर कर घ्यायला माणूस मिळतो. लढाईला तोफा घ्यायला पैसा आहे. आणि आमच्या बाईला सुखरूप बाळंत व्हायचं तर आधी संख्या दाखवा! कुठून दाखवू? अर्धा पाडा हिवतापानं कुडकुडत होता, पण माझ्या पेटीकडे फिरकणार कोण? सगळे जायचे बडव्याकडे, म्हणजे त्यांच्या मांत्रिकाकडे. आणि तो काही नोंदवही ठेवत नव्हता.

आता इथून पुढचा पराक्रम माझा.

मी म्हटलं, संख्या पाहिजे ना? घे संख्या! पण नावं आणायची कुठून? डोंगरभर विखुरलेल्या झोपड्यांतली माणसं मला कुठली नावानिशी ठाऊक? मला पाठ होती ती चाळीस नावं, शाळेच्या हजेरीच्या कॅटलॉगातली. बसलो आणि तीच उतरवली पेटीबरोबर मिळालेल्या आजाऱ्यांच्या बुकात. सोम्या, हिवताप, कोयनेल दिले. बुध्या, हिवताप, कोयनेल दिले. शुक्र्या, तसेच. रोज, नेमानं, चार महिने!

तेवढ्यात बोर्डाचं दुसरंच पत्र. सरासरी हजेरी कमी आढळल्यास शाळा बंद करण्यात येईल! आता बघा, पोरं जायची गुरांमागं, ज्वारीच्या राखणीला, नाहीतर आईबापांबरोबर गुजरातेत मजुरीला. शाळेत यायची सहा-सात. मग त्या सहा-सातांनी काय पाप केलं? त्यांची शाळा का म्हणून काढून घ्यायची? मी कॅटलॉगही भरून टाकला. सगळे हजर!

तुम्ही म्हणाल, अहो, एकच पोरगं एका वेळी दोन्हीकडे? अहो पण शिक्षणखातं वेगळं, आरोग्यखातं वेगळं! एक खातं दुसऱ्याच्या दारात पाऊल टाकत नाही, याची मला बालंबाल खात्री होती. सरकारवर मी जन्मात तेवढाच एक विश्वास टाकला आणि तिथेच बुडालो. लढाईची काटकसर म्हणून दोन साहेबांऐवजी एकच साहेब आला, दोन्ही खाती तपासायला!

साहेबानं बसल्याबसल्या दोन्ही बुकं मागवली. डावीकडे कॅटलॉग उघडला, उजवीकडे आजाऱ्यांचं बुक. दित्या दारात उभा. माझी पाचावर धारण बसली.

"मास्तर, ह्या सोमवारी चाळीस हजर?"

"होय साहेब."

"आणि त्याच सोमवारी चाळीस जणांना हिवताप?"

"हो... होय साहेब."

"तेच चाळीस?"

आता काय बोलणार, सांगा! हजेरी खोटी म्हणावं तर शाळा जाते. ताप खोटा म्हणावा तर डॉक्टर जातो. मागून दित्या ओरडला, "मास्तर, बोल ना! कितला आजारी शेतस ते सांग सायबले!"

आणि मी बोललो. काय दुर्बुद्धी सुचली देव जाणे! "साहेब, सकाळी येतात तेव्हा ताप असतो. मी कोयनेल देतो. प्रार्थना होईपर्यंत उतरतो."

"चाळीसही जणांचा?"

"चाळीसही."

"रोज?"

"रोज, साहेब."

"दगावलं कोणी?"

"छे छे! एकही नाही!"

साहेब चिडला असता तर मी त्याचे पाय धरले असते. तो चिडला नाही, हसलाही नाही. शांतपणे शेरा लिहिला आणि जाताना माझ्याशी हात मिळवला.

होळीनंतर हुकूम आला. दित्यानं अख्खा पाडा गोळा केला. मी वाचू लागलो: "सदर शिक्षकाचे उपचार अत्यंत गुणकारी आहेत. मृत्यू नाही, गैरहजेरी नाही. सबब वेगळ्या डॉक्टरची आवश्यकता नाही. शेजारच्या पाच गावांच्या औषधपेट्याही याच शिक्षकाकडे सोपवाव्यात."

दित्याला ती सरकारी मराठी कुठली कळायला? "डाक्तर भेटना का?"

"भेटला."

"कोठे शे?"

"मीच रे बाबा."

त्यानं मला खालून वर पाहिलं. मग मी रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं, चाळीस पोरं आजारी कशी पाडली, हजर कशी केली. वाटलं, आता हा मला घाटावरून लोटून देतो. त्याची सून दाराशी बसून ऐकत होती, तिच्याकडे बघायची तर माझी हिंमतच होईना.

दित्या म्हणाला, "मास्तर, कागद काढ. लिख सरकारले, हाऊ डाक्तर काही कामना नही. याले काढ आनि खरा धाड."

"अरे, माझ्याविरुद्धचा अर्ज मीच लिहू?"

"मंग कोन लिखी? गावमा लिखता तुलेच येस!"

लिहिला. सुवाच्य अक्षरात लिहिला. सदर इसमास औषधातले ओ की ठो कळत नाही, रक्त पाहताच घेरी येते, नोंदी धादांत खोट्या करतो. खाली दित्याचा अंगठा उमटवला. मजकूर खरा असल्याबद्दल साक्षीदाराची सही लागते, तीही माझीच! आणि खरं सांगू? सबंध नोकरीत मी सरकारला पाठवलेला तेवढा एकच कागद शब्दन् शब्द खरा होता.