गोधडीचं पोट

लेकीच्या घरी आईने किती राहावं, याचं आमच्या आईचं गणित पक्कं होतं: पाहुणीइतकंच. त्यामुळे दिवाळीनंतर मी तिला गावाहून उल्हासनगरला घेऊन आले, तरी तिची पिशवी काही रिकामी होईना. ती पलंगाखाली भरलेली तशीच, आणि सगळ्यात वर परतीच्या दिवशी नेसायचं अंजिरी लुगडं. मला त्या लुगड्याचा भारी राग यायचा.

गावी तिचं होतं कोण? वडील गेलेले, मी एकुलती एक. पावसाळ्यात ती अंगणात घसरून पडली, आणि शेजारीण दूध द्यायला आली तेव्हा कुठे कुणाला कळलं. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला होता. मी विनवण्या केल्या, भांडले. आमचे हेसुद्धा म्हणाले, "आई, राहा की, घर तुमचंच आहे." तिने जावयासमोर पदर सावरून नुसती मान हलवली आणि स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "जुनी लुगडी आणल्याती. तुला एक गोधडी शिवून देते. ती झाली की मला यष्टीत बसवून दे."

म्हणजे गोधडी संपली की आई जाणार. मी इथल्या कॅम्प तीन भागात जीन्सच्या कारखान्यात मशीनवर बसते, काम लवकर उरकावं म्हणून रोज धडपडते. पण हे काम लांबावं म्हणून मी देवाला हात जोडले.

वर कातरणं कमी पडू नयेत म्हणून कारखान्यातून जीन्सचे तुकडे आणले. आईने एकात सुई घातली आणि सुई मोडली. "हे कापड हाय का पत्रा?" ती म्हणाली. "गोधडीला झिजल्यालं कापड लागतं बाई. माणसाच्या अंगावर ऱ्हाऊन मऊ झाल्यालं." माझे तुकडे पायपुसण्यात गेले.

आमच्या घरात गोधडी पसरायला जागा कुठली? म्हणून तिने बाहेरच्या गॅलरीत लुगड्यांचे थर अंथरले. समोरच्या घरात एक म्हातारी सिंधी बाई राहते, सगळे तिला अम्मा म्हणतात. ती दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. मग आत गेली आणि छातीशी धरून एक रंगीबेरंगी गाठोडं घेऊन आली. ते आईपुढे उलगडलं आणि म्हणाली, "हीअ रली आहे."

"रॅली?" आई दचकली. "म्या न्हाई जायची कुठल्या रॅलीला. पाय दुखत्यात माझं."

मला हसू आवरेना. रली म्हणजे त्यांची गोधडीच, हे मी सांगणार, तेवढ्यात आईचे डोळे मोठे झाले. "आगं, पण ही 'आहे' म्हणली! मराठी हाय की ही!"

सिंधीतही 'आहे'ला 'आहे'च म्हणतात, हे मी परोपरीने समजावलं. तिने ऐकून घेतलं नाही. "आपल्यातलीच हाय. जरा बोबडं बोलती, एवढंच," असा निकाल देऊन तिने अम्माला बसायला चटई सरकवली.

त्या एका 'आहे'वर दोघींची गट्टी जमली. रोज सकाळी चहाची भांडी विसळत असताना दारातून हाक यायची, "अदी आहे?" अदी म्हणजे बहीण. मी आतून "आहे, आहे" म्हणायचे. पण एक दिवस मला "नाही" म्हणावं लागणार होतं.

दोघींचं काम बघत राहावं असं होतं. आईचा कारभार मोकळाढाकळा. ठिगळ ज्या आकाराचं मिळेल त्या आकाराचं, जिथे बसेल तिथे. पण तिचा धावदोरा पेरणीच्या तासांसारखा सरळ, कडेकडेने फिरत मध्याकडे जाणारा. अम्माचं उलटं. ती तुकडा दुमडायची, नखाने घडी पाडायची, त्या घडीवर कातरायची, आणि मोजपट्टी न लावता चौकोन असा यायचा की चारी कोपरे एकमेकांवर बसावेत. मधे एक चौकोन, त्याच्या चार बाजूंना चार त्रिकोण, की झाला मोठा चौकोन. त्रिकोणांना ती समोसे म्हणायची. आई मराठीत चुका काढायची, अम्मा सिंधीत ऐकवायची, आणि टाका कुणाचाच चुकायचा नाही. मशीनवर टाका आपोआप सारखा पडतो, त्यात माझी काय कर्तबगारी? हाताने तसा पडताना बघितला की मला त्या दोघींचा अभिमान वाटायचा, दोघी माझ्याच असल्यासारखा.

पण कडेने निघालेला दोरा कधीतरी मध्यावर पोचतोच. एका सुट्टीच्या दिवशी फक्त मधली जागा उरली. गोधडीचं पोट. आमच्याकडे त्यावर शेवटचं ठिगळ लावताना खाली भाकरीचा तुकडा ठेवतात. गोधडी उपाशी राहिली तर झोप देत नाही, म्हणतात. आईने ठरवलं होतं की पोटावर अम्माचाच चौकोन लावायचा. अम्माने लाल समोसे तयार ठेवले होते. मधल्या चौकोनाला कापड हवं होतं. मी चिडून म्हणाले, "लाव माझ्या जीन्सचा तुकडा, म्हणजे महिनाभर सुया मोडत बसशील."

आई उठली. आत गेली, पलंगाखालची पिशवी ओढली आणि अंजिरी लुगडं घेऊन आली. मला वाटलं, आता नेसायला काढलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिने घडी उलगडली, ऐन पदरात कात्री घातली आणि तुकडा अम्माच्या हातात दिला.

"आई! जाताना काय नेसशील मग?"

तिने सुईत दोरा ओवला. "भाकरी बघ शिळी," म्हणाली. भाकरी नव्हती. अम्मा घरात जाऊन कोकी घेऊन आली, त्यांची कांदा घातलेली जाड पोळी. आईने हुंगून बघितली, कडेचा कडक तुकडा मोडला आणि थरांवर ठेवला.

"मुंग्या लागतील," मी डोळे पुसत म्हणाले.

"लागू दे. त्या बी जेवतील."

अम्माने नखाने घड्या पाडल्या, आईने टाके घातले. दोरा दातांनी तोडला तो मात्र आईनेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारातून रोजची हाक आली, "अदी आहे?"

मी तोंड उघडायच्या आत आतून आवाज आला, "आहे गं बाई, आहे. हितंच आहे."