बर्नमध्ये तीन ते चार

"मावशी, आई गेली. आत्ता, साडेदहाला. नाश्ता करून खुर्चीत बसली होती." श्रीरंगचा फोन एवढाच होता. ना प्रस्तावना, ना 'जरा येऊन जाता का'. साताऱ्याच्या त्याच्या आत्यालाही त्याने असंच सांगितलं, आणि आत्याबाई दुखावल्या. असं धाडकन सांगतात का रे, म्हणाल्या. आधी म्हणायचं तब्येत जास्त आहे, निघून या, आलं माणूस की मग हळूहळू... श्रीरंगने ऐकून घेतलं. त्याचा इलाज नव्हता, कारण हुकूम खुद्द त्याच्या आईचा, नलूताईंचा होता. गेली आठ वर्षं त्या घरात सगळ्यांना बजावत असत, माझं सांगताना आडवळण घ्यायचं नाही. 'सीरियस' हा शब्द वापरलात तर उठून बसेन.

या गोष्टीला सहा आठवडे झाले. शाळेतल्या माजी विद्यार्थिनींनी शोकसभा घेतली, त्यांच्या इंग्रजीच्या तासांबद्दल आणि तिखट जिभेबद्दल सगळे छान बोलले. मलाही बोलायला उभं केलं होतं. चाळीस वर्षं समोर राहिलेली शेजारीण, त्याच शाळेत भूगोल शिकवणारी, हमीदा बोलणार नाही तर कोण बोलणार? मी दोन मिनिटं काहीतरी गुळमुळीत बोलून खाली बसले. खरं सांगायचं तर त्यांच्याबद्दल चांगलं बोलण्याआधी मला एक गोष्ट कबूल करायची होती, आणि ती शोकसभेत सांगण्यासारखी नव्हती.

कसबा पेठेत आमच्या दोघींच्या इमारती समोरासमोर. नलूताईंचे यजमान नाना ज्या क्लबात होते त्याच्यातर्फे परदेशातली मुलं वर्षभर पुण्यात राहायला येत, आणि नानांनी हो म्हटलं की निस्तरायचं नलूताईंनी. त्यांच्याकडे तीन वेगवेगळ्या वर्षी तीन स्विस मुलं राहिली. मार्कस आणि कातरिन नंतर आली. पहिली रेगुला, सतरा वर्षांची, उंच, सतत भुकेली. सहा महिन्यांत मंडईत जाऊन मराठीत कोथिंबिरीची जुडी निवडायला शिकली होती. नलूताईंना ती आई म्हणायची आणि मला नुसतं हमीदा. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, मला ते आवडायचं.

एके दिवशी क्लबातली सगळी परदेशी मुलं खडकवासल्याला सहलीला गेली होती आणि दुपारी नलूताईंकडे तार आली. रेगुलाचे वडील सकाळी वारले, तिला ताबडतोब पाठवा. नलूताईंनी तार घेऊन मलाच आधी हाक मारली. संध्याकाळी पोरगी ओल्या चपला हातात घेऊन जिना चढली ती भूक लागली म्हणतच. आधी जेवू दे तिला, असं आम्ही सगळ्यांनीच ठरवलं. उपाशीपोटी कुणाला असली बातमी सांगायची नसते. जेवली. मग नलूताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तोंड उघडलं, आणि त्या तोंडातून आलं, "बाबांची तब्येत जास्त आहे. तुला उद्या निघायला हवं." त्या क्षणी तिथे आम्ही पाचसहा माणसं होतो. एकानेही दुरुस्ती केली नाही. कुणाला ते खोटं वाटलंच नाही. तुमच्याकडे काय आणि आमच्याकडे काय, मेलेलं माणूस आप्त दारात पोचेपर्यंत 'सीरियस'च असतं. आईच्या कुशीत गेल्यावर कळेल तिला, परक्या मुलखात नको, असा त्यामागे विचार होता. बिचारीवर मायाच करत होतो आम्ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला टॅक्सीने मुंबईच्या विमानतळावर सोडायचं ठरलं. श्रीरंग दोन वर्षांचा, त्याला गोवर निघालेला, त्यामुळे नलूताईंना हलता येईना. नानांना मुलीबरोबर कुणी बाईमाणूस हवं होतं. माझी बहीण मुंबईला राहायची, म्हणून मी निघाले. पुढे नाना आणि ड्रायव्हर, मागे आम्ही दोघी. घाटापर्यंत ती गप्प होती. लोणावळ्याला गाडी थांबली तेव्हा तिने मला विचारलं, "हमीदा, वडील बरे होतील ना?" नलूताईंनी खोटं एकदा सांगितलं होतं, तेही पुसट. माझ्यावर काही सांगायची सक्तीच नव्हती. पण मी उतरले, दुकानातून शेंगदाण्याच्या चिक्कीचं पाकीट घेतलं, तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "वडिलांना ने. बरे झाले की खातील." ती हसली. पुढे मुंबईपर्यंत ती मला वडिलांबद्दल सांगत होती, ते डोंगरात किती लांबवर चालत जातात वगैरे. मी ऐकत होते.

त्यानंतर रेगुलाचं पत्र आलं नाही. नलूताई दर दिवाळीला लिहायच्या. पहिल्याच पत्रात त्यांनी सगळं सांगून माफी मागितली होती, उत्तर नाही. मी लिहिलं नाही. मार्कस यायचा, कातरिनचं लग्नाचं कार्ड आलं, नाना गेले, श्रीरंगचे केस पिकायला लागले, आणि मार्कस गेली कित्येक वर्षं या, या म्हणत होता ते शेवटी आठ वर्षांपूर्वी जमलं. माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षीची मे महिन्याची सुटी. नलूताईंची एकच अट होती, हमीदा बरोबर हवी. निघायच्या आदल्या आठवड्यात मला म्हणाल्या की आल्प्स बघायला तू आहेस, मी रेगुलाला भेटायला चालले आहे. तिचा पत्ता मार्कसकडून मिळाला होता, त्यांनी कळवलंही होतं. उत्तर नव्हतं आलं.

तीस वर्षं मी फळ्यावर ज्या देशाचे डोंगर काढले तो देश मी बघितला, आणि काय बघितलं ते विचारलं तर मला नीट सांगता येणार नाही. झुरिकला आता टक्कल पडलेल्या मार्कसने आमच्यासाठी पोहे केले. तळ्याकाठी फिरवलं. ट्राम ठरल्या मिनिटाला येतात हे बघून नलूताई म्हणाल्या, एवढं वेळेवर जाऊन ही माणसं करतात तरी काय? पण प्रत्येक वेळी घरी परतलो की पहिला प्रश्न मार्कसला, काही निरोप? नाही, आई. माझं मन दोन्हीकडून ओढ घ्यायचं. ताईंसाठी वाटायचं की यावा निरोप. स्वतःपुरतं वाटायचं की नाही आला तर बरं.

ल्युसर्नला कातरिनने दारात रांगोळी काढून स्वागत केलं. रांगोळी वाईट होती, पण ठिपक्यांची. तिथे नदीवर एक जुना लाकडी पूल आहे, त्याच्या छताला चित्रं टांगलेली आहेत, आणि प्रत्येक चित्रात मरण सांगाडा होऊन कुणाला तरी न्यायला आलंय. राजाला, व्यापाऱ्याला, नव्या नवरीला. नलूताई मान वर करून एकेक चित्र बघत पुलाच्या टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. "बघ, ही माणसं येताजाताना बघतात हे," म्हणाल्या, "आणि आपण त्यांच्या पोरीला म्हणालो, तब्येत जास्त आहे." त्याच दुपारी निरोप आला. मार्कसच्या फोनवर रेगुलाची एक ओळ. गुरुवारी दुपारी तीन ते चार मी घरी आहे. नलूताईंनी ती मला तीनदा वाचायला लावली. मग विचारलं, चारनंतर काय? मी म्हटलं, चारनंतर बहुतेक हाकलतील.

बर्नला आम्ही अकरालाच पोचलो. लोक ज्या घड्याळाच्या मनोऱ्यासमोर फोटो काढतात त्याच्यासमोर नलूताई उभ्या होत्या, पण त्या फक्त वेळ बघत होत्या. तीनला दोन मिनिटं कमी असताना आम्ही घंटा वाजवली. जिने दार उघडलं ती बाई मला ओळखू आली नाही. पांढरे आखूड केस, चष्मा. मार्कससारखी ती पाया पडली नाही, आई म्हणाली नाही. हात पुढे केला. कॉफी तयारच होती. नलूताईंनी वेळ घालवला नाही. कप हातात घेण्याआधीच म्हणाल्या, "रेगुला, मी तुला खोटं सांगितलं. तुझे वडील तेव्हा गेलेले होते आणि मला ते माहीत होतं. पत्रात लिहिलं होतं, पण तोंडाने सांगायला आले आहे."

रेगुलाने आपला कप खाली ठेवला. मग शांतपणे, इंग्रजीतच, तिने सांगितलं. विमानतळावर तिचे काका घ्यायला आले होते, काळ्या कपड्यांत. तिने त्यांना विचारलं, कुठल्या हॉस्पिटलात आहेत? काकांना प्रश्नच कळला नाही. त्यांना वाटत होतं, हिला सगळं माहीत आहे. तिने पुन्हा विचारलं. तेव्हा तिच्या हातात चिक्कीचं पाकीट होतं, बॅगेत चुरा होईल म्हणून विमानात मांडीवर धरून आणलेलं... एवढं बोलून ती थांबली. मग तिने विचारलं, "ती चिक्की कुणी घेतली होती?"

मी कपाकडे बघत होते. वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं, हे मी आज शपथेवर सांगू शकते, आणि शपथेला काही अर्थ नाही हेही मला कळतं. माझ्या आधी नलूताई म्हणाल्या, "मी."

मी मनाशी हिशेब केला की इतकी वर्षं झाली, टॅक्सीत कोण होतं ते ती विसरली असणार. मी कॉफी प्यायले. कॉफी प्यायले, हे मला अजून सहन होत नाही.

मग नलूताईंनी विचारलं, वडिलांच्या कबरीवर फूल ठेवायला नेशील का? रेगुला म्हणाली, कबर नाही. इथे काही वर्षंच ठेवतात, मग जागा दुसऱ्यांसाठी मोकळी करतात. तरी तिने कोट घातला. दफनभूमी जवळच होती. एका कोपऱ्यात नुसतं हिरवळीचं मैदान होतं, कापलेलं, स्वच्छ. साधारण इथे, असं तिने हात करून दाखवलं. नलूताईंनी आणलेली फुलं कुठे ठेवावीत ते त्यांना कळेना. शेवटी त्या गवतावर खाली बसल्या, अडुसष्ट वर्षांची, गुडघे दुखणारी बाई, आणि फुलं मांडीतच धरून राहिल्या. मी जरा मागे उभी राहून फातेहा म्हटली. माझ्या अब्बांसाठी म्हणते तशीच, पण त्या माणसाचं नाव मला माहीत नव्हतं. लोणावळ्यापासून मुंबईपर्यंत त्याच्याबद्दल ऐकलं होतं, नाव विचारलं नव्हतं. उठताना नलूताईंना रेगुलाने हात दिला. पाच वाजून गेले होते. ट्रामच्या थांब्यापर्यंत ती सोडायला आली. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही, ताईंनीही विचारलं नाही. परतीच्या आगगाडीत मी म्हटलं, "ताई, तुम्ही का..." त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. खिडकीबाहेर बघ, म्हणाल्या, भूगोलाच्या बाईंनी तरी बघावं. आणि मी, तोंड बंद ठेवायला सबब मिळालेली बाई, बाहेर बघत बसले.

नलूताईंच्या दहाव्याच्या आदल्या दिवशी श्रीरंग आला. मार्कसला आणि कातरिनला त्याने कळवलं होतं. रेगुलाला तुम्ही सांगाल का, मावशी, म्हणाला. मी हो म्हटलं आणि तीन दिवस फोनकडे फिरकले नाही. चौथ्या दिवशी दुपारी लावला. "रेगुला, हमीदा बोलतेय, पुण्याहून. नलूताई गेल्या. मागच्या आठवड्यात, सकाळी." एका दमात म्हटलं. तिने विचारलं, त्रास झाला का? नाही, खुर्चीत बसल्या होत्या. ती रडली, थोडंच. आता ती फोन ठेवेल अशी मला भीती वाटली आणि मी म्हणाले, "ती चिक्की मी घेतली होती. ते खातील असं मीच म्हणाले होते. नलूताई टॅक्सीत नव्हत्याच."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "माझ्या शेजारी तुम्ही बसला होतात. त्या दिवशी कॉफी पिताना मी तुम्हालाच विचारलं होतं."

मग तिने सांगितलं की थांब्यावर मी ट्रामचं वेळापत्रक बघायला पुढे गेले होते, तेव्हा नलूताईंनी तिचा हात धरला होता आणि मराठीत एक वाक्य बोलल्या होत्या. ते तिने मला मराठीतच म्हणून दाखवलं, अडखळत, पण एकही शब्द न चुकता. "हमीदा सांगेल तुला. तिला वेळ लागेल, तू थांब."

तिकडून आल्यावर आठ वर्षं मी दर शुक्रवारी चार वाजता नलूताईंकडे चहाला गेले. आजारपणं सोडली तर एक शुक्रवार चुकला नाही. आम्ही सगळ्या जगाबद्दल बोललो. बर्नचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. फक्त कप भरून माझ्यापुढे ठेवला की त्या थोडा वेळ काही न बोलता माझ्याकडे बघत बसायच्या. मला वाटायचं, चहा निवायची वाट बघतायत.