बैलांचं गाणं

चपला शिवणाऱ्याच्या दुकानापुढून जाताना ओल्या कातड्याचा वास आला की मला आमच्या कोल्हारच्या विहिरीवरची मोट आठवते. लढाई संपली, पलटणीतून सुटून मी चार वर्षांनी घरी आलो, तेव्हा ती मोट धाकटा भाऊ हाकत होता. दुसऱ्याच दिवशी मी त्याच्या हातातून कासरा घेतला. बैल माझेच, वासरं असल्यापासून मीच वाढवलेले. भरली मोट ओढत ते उतारानं खाली गेले, पण परत मागं सरायला काही तयार होईनात. पलटणीत ओरडायचो तसा मी ओरडलो, तर बिचकून जागीच उभे राहिले. वाफ्यांना पाणी देणारी माझी बायको म्हणाली, "भावजी गानं म्हनत्यात. त्याबिगर न्हाई सरायचे ते." भाऊ ओशाळून हसला आणि बांधावरूनच गायला लागला. बैल मुकाट मागं आले, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुढचे आठ दिवस मी ते गाणं चोरून ऐकलं, पाठ केलं. मग एकदा भाऊ वैरण आणायला गेलेला पाहून त्याच्याच चालीत म्हटलं. बैल झरझर मागं सरले. वाटलं, आता खरा घरी आलो. तेवढ्यात जवारीच्या आडून बायकोची हाक आली, "भावजी, वाफा भरला, थांबवा मोट!" आज भाऊ नाही, मोटही नाही, पण ती हाक अजून सलते. तेव्हा तिला कळू नये म्हणून मी भावाच्याच आवाजात म्हणालो, "व्हय, वयनी."