ढग आला, मिक्सर बंद!

माझ्या सासऱ्यांइतका विजेला भिणारा माणूस अकोल्यापासून अमरावतीपर्यंत दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. दिवा अर्थात तेलाचा. शॉकला ते भीत नाहीत. उघडी वायर चपलेनं बाजूला सारतील. ते भितात मीटरला. अकोटच्या जिनिंगमध्ये त्यांनी जन्मभर काट्यावर कापूस मोजला, त्यामुळे काटा माणसाला कुठं मारतो हे त्यांना पाठ आहे. त्यात माझा नवरा शाळेत असताना एकदा बिल भरायचं राहिलं आणि लाइनमननं सगळ्या गल्लीदेखत खांबावर चढून घराची वायर कापली. तेव्हापासून कुणाच्याही दारात शिडी लागली, की ते बिलाची पावती घेऊन आपल्या दारात उभे राहतात.

छतावर सोलर बसलं, ती सुरुवातीची दोन-तीन वर्षं काय ती त्यांच्या आयुष्यातली बिनघोर वर्षं. दिवसा उरलेली वीज कंपनीकडे जायची, संध्याकाळी तेवढीच परत मिळायची, बिल नावापुरतं. मग नियम बदलला. दुपारी आपण पाठवलेल्या युनिटचा भाव पडला, संध्याकाळी घेतलेल्याचा चढला. ते पत्र मीच वाचून दाखवलं, कारण या घरात आणि तिवस्याच्या माझ्या माहेरातही कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी. आहे, आणि ते मी कुणाला विसरू देत नाही. मामाजींनी (आमच्याकडे सासऱ्याला मामाजीच म्हणतात) सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे आपला कापूस हलका अन् त्याहीचा भारी. समजलं."

दुसऱ्या दिवसापासून घर उन्हाच्या हुकमावर चालू लागलं. मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्री, मोबाइल, सगळं दहा ते तीनमध्ये उरकायचं. रात्रीची भाजी दुपारीच शिजायची. स्टीलच्या डब्यांत बर्फ जमवून ठेवायचा आणि दिवेलागणीला तो कूलरच्या पाण्यात सोडायचा, म्हणजे कूलर एक नंबरवर भागतो. संध्याकाळी आलेल्या पाहुण्याला ते दारातच सांगत, "दुपारी या ना बाप्पा, पंख्याखाली बसवतो!" स्वतः मात्र छतावर पहाऱ्याला. सूर्यासमोर कापसाच्या बोंडाएवढा ढग आला, तरी वरून आरोळी यायची, "ढग आला! मिक्सर बंद!" आमच्याकडची शेंगदाण्याची चटणी त्यामुळे अर्धी कूट, अर्धे दाणे अशीच ताटात पडते. एकदा तर मी उजवी बाही कडक इस्त्रीची आणि डावी चुरगळलेली, अशी शिकवणी घ्यायला गेले. पोरी हसल्या. त्यांना काय सांगू, की मधेच ढग आला होता?

एवढं करूनही वीज उरायचीच, आणि ती मातीमोल जाते याचं त्यांना दुःख. "कंपनीले देण्यापरीस गल्लीले देतो," म्हणत त्यांनी अख्ख्या गल्लीची तिखटं आमच्याकडे कुटवली. शेजारच्या टेलर चाचांनी तर मोटरचं शिलाई मशीनच आमच्या ओसरीत आणून ठेवलं. "भाईजान, आपके सूरज में बड़ी बरकत है," असं चाचा म्हणाले, की मामाजी घटकाभर मीटर विसरत.

मग मे महिना आला. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, टायफॉइडातून नुकत्याच उठल्या होत्या. मागच्या टिनाच्या खोलीत कूलरसमोर पडून असायच्या. एका सकाळी मामाजींनी मला विचारलं, "सूनबाई, तू बी.एस्सी. झाली न वं? मेन स्विच पाडला तं आपली वीज आपल्याच घरात राहीन न? एकही युनिट भायेर जाणार नाई?"

मी पेपर तपासत होते. मान वर करायचीही तसदी घेतली नाही. "राहीन न मामाजी. छत आपलं, ऊन आपलं."

खरी गोष्ट अशी, की बाहेरची लाइन तुटली की आमच्यासारखं सोलर आपोआप बंद पडतं. खांबावर चढलेल्या माणसाला शॉक बसू नये, म्हणून ती सोय. हे मला ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नाही असं म्हणायची मला सवय नव्हती.

तो शुक्रवार होता. नवरा अकोल्याला कामावर, चाचा नमाजला, मी शिकवणीला. भर दुपारी मामाजींनी मेन स्विच पाडला आणि विजयी मनानं छतावर पॅनल पुसायला गेले. तासाभरानं मी परतले तेव्हा ते जिन्यातच भेटले. "पाह्य, एक युनिट भायेर गेलं नाई!"

घर मात्र गप्प होतं. मी पंख्याचं बटण दाबलं. काहीच नाही. आम्ही दोघंही एकदमच मागच्या खोलीकडे धावलो.

आत्याबाईंचं अंग तव्यासारखं कोरडं तापलेलं. डोळे अर्धवट उघडे. "अवं, ऊठ ना वं. काऊन बोलत नाई?" मामाजी त्यांचा खांदा हलवत राहिले. मी स्विच वर केला, कूलर घरघरला. मामाजींनी आत्याबाईंच्या अंगावर ओली चादर टाकली आणि संध्याकाळसाठी जपलेल्या बर्फाचे एक सोडून सगळे डबे तिच्यावर ओतले. चाचा ऑटो घेऊन आले. ऑटोत मामाजींनी शेवटचा डबा आत्याबाईंच्या मानेला लावून धरला होता आणि मला पुन्हा पुन्हा विचारत होते, "सूनबाई, ही वाचते न? तू शिकेल हायेस, सांग न."

जन्मात पहिल्यांदा मी म्हटलं, "मले माहीत नाई, मामाजी."

उन्हं उतरताना, सलाइनची दुसरी बाटली चालू असताना, आत्याबाईंनी डोळे उघडले. पुटपुटल्या, "ढग गेला काय? म्या म्हटलं, ढग गेला की लागन कूलर. म्हणून पडून राहिली."

"ढग नव्हता वं," मामाजी म्हणाले, "म्या होतो."

परतल्यावर मी त्यांना सांगितलं, चूक माझी होती. त्यांनी मान हलवली. "सांगतलं तू. पाडला तं म्याच न."

आता मागच्या खोलीतला कूलर तीन नंबरवर चालतो, संध्याकाळीसुद्धा. लाइनमनची शिडी दिसली की मामाजी अजून पावती घेऊन दारात येतात. ढगाची आरोळी अजून येते, मिक्सर अजून थांबतो. पण आरोळी ठोकून ते तसेच खाली उतरतात, मागच्या खोलीच्या दारात उभे राहतात आणि कूलरच्या वाऱ्यात तळहात धरून पाहतात. आत्याबाई म्हणतात, "चालू हाये, जा." तोवर ढग कधीच गेलेला असतो. मिक्सर चालू करा म्हणायचं त्यांना सुचत नाही, आणि आम्हीही आठवण करून देत नाही. चटणी जाडीभरडीच खातो.