बाहेर काढायची वाट

आमचे भाऊजी लढाऊ जहाजांच्या कारखान्यात आराखडे काढतात. क्षेपणास्त्रं डागणारी विनाशिका म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर धूर, आग आणि पराक्रम येतो. भाऊजींच्या डोळ्यांसमोर पंप येतो. तोही बिघडलेला. रडारवाले, क्षेपणास्त्रवाले, इंजिनवाले जहाजाच्या पोटात आपापलं सामान ठासून मोकळे होतात. मग भाऊजी दमल्या आवाजात विचारतात, "हे बिघडल्यावर बाहेर कसं काढणार? आणि त्याच्या जागी नवीन आत कसं नेणार?" त्या वाटा आखणं हेच त्यांचं काम. इंजिन हवा ओढायच्या भुयारातून वर खेचायचं, पंप अरुंद बोळातून आडवा न्यायचा. वाट सापडली नाही तर जहाजाचा पत्रा कापावा लागतो, आणि तो कापला की भाऊजींना दोन दिवस जेवण जात नाही. ऑफिसात त्यांना 'बाहेरकाढे' म्हणतात. कुणाकडे गेले की माणसांआधी ते दारं बघतात.

अशा माणसाला आमच्या ताईला तिसऱ्या मजल्यावरून खाली आणणं मात्र जमत नव्हतं.

ताईचे गुडघे गेलेत. मागे तिला खुर्चीत बसवून दवाखान्यात नेताना खुर्ची जिन्याच्या वळणावर अडकली. बिऱ्हाडं जमली, सल्ले झाले, कुणाला तरी हसूही आलं. तेव्हापासून तिने उंबरा ओलांडला नाही. आता पलीकडच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या मिळत होत्या; घरमालकाला रविवारी संध्याकाळपर्यंत होकार हवा होता. ताईचं एकच म्हणणं, "माझं कपाट येत असेल तर मी येते."

कपाट सुताराने खोलीतच बनवलेलं. दारापेक्षा ऐसपैस.

रविवारी सकाळी मी गेलो, तर भाऊजींनी खोक्यांचे पुठ्ठे जोडून त्या मापाचं दुसरं कपाट उभं केलेलं. कारखान्यात खरं यंत्र येण्याआधी त्याचं असंच सोंग वाटेवरून फिरवून बघतात म्हणे.

"धर," भाऊजी म्हणाले. "तिरकं कर. अजून. अरे, कपाट तिरकं कर, तू कशाला होतोस?"

आम्ही ते उभं नेलं, आडवं नेलं, उलटं नेलं; दर वेळी दारातच अडलं. खालच्या मजल्यावरचा शिंपी वर येऊन कौतुकाने बघत उभा राहिला. "साहेब, दोन टाके उसवले तर निघेल."

"कापायचं नाही!" भाऊजी ओरडले आणि त्याच पुठ्ठ्यावर मटकन बसले. पुठ्ठा चेपला. चेहरा तर आधीच चेपलेला होता.

दारातून ताईचा आवाज आला. "कपाट निघालं असतं, तरी मी कशी निघणार होते हो?"

भाऊजी तिच्याकडे बघत राहिले. चार रात्री जागून त्यांनी कपाटाची वाट शोधली होती. हिची शोधायची राहूनच गेली होती.

"पुन्हा त्या वळणावर लोंबकळत बसायचं नाही मला," ती हळूच म्हणाली. "कपाट राहू दे इथेच."

भाऊजी उठले, स्वयंपाकघरातली खुर्ची घेऊन आले आणि मला म्हणाले, "बस."

"मी?"

"तू ताईचं सोंग."

पुढून शिंपी, मागून भाऊजी, मधे मी. वळणावर खुर्चीचे पाय अडकले. मला पुन्हा वर नेलं, पुन्हा खाली आणलं. चौथ्या खेपेला भाऊजी धापा टाकत म्हणाले, "आधी कठड्याच्या वर उचला, मग फिरवा." खुर्ची सुरकन फिरली. माझं डोकं भिंतीवर आपटलं.

"अहो, त्याला लागलं!" ताई वरून म्हणाली. आवाजात काळजी कमी आणि हसू जास्त.

"तिथे उशी धरू," भाऊजी म्हणाले.

खाली पोचल्यावर ते शेवटच्या पायरीवर बसले. शर्ट घामाने चिकटलेला. वरून पुन्हा हाक आली, "मग या की मला न्यायला. आधी घर बघते, मग होकार द्या."

"आत्ता?"

"मुदत संध्याकाळपर्यंतच आहे ना?"

भाऊजींनी तीनही मजल्यांवरून एकदा नजर फिरवली आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

"खुर्ची घे," मला म्हणाले. "आणि उशी विसरू नकोस."